पुढाऱ्यानंतर कोण?

राजेशाहींत राजामागून गादीवर कोण बसणार, हा प्रश्न जन्मानेंच सुटलेला असतो. ज्येष्ठ पुत्र शहाणा निघो वा खुळा निघो, गादी त्याची. अमेरिकेसारख्या देशांत अध्यक्षाची मुदत चार वर्षांची ठरलेली असते. लोक त्याच्यावर कितीहि रुष्ट झाले तरी, महाभियोगासारखें क्वचित् उपसलें जाणारें शस्त्र सोडल्यास, मुदत संपेपर्यंत त्याला कोणी हालवूं शकत नाहीं. आणि तो मध्येंच गेला तर त्याची जागा उपाध्यक्षानें घ्यावी, असें राज्यघटनेंतच लिहून ठेवलेलें आहे. संसदीय राज्यपद्धतीचा प्रकार मात्र निराळा. तेथें मुख्य प्रधानाची गादी वंशपरंपरेची नव्हे आणि मुदतबंदहि नव्हे. सभागृहांतील बहुमत ज्या दिवशीं त्याच्या पाठीशीं उभें राहत नाहीं, त्या दिवशीं ती संपली.

या पद्धतींत एक प्रसंग वारंवार येतो. राज्यकर्त्या पक्षाजवळ बहुमत असतें, सार्वत्रिक निवडणूक अद्याप दूर असते, परंतु लोकांचें मन त्या पक्षाच्या पुढाऱ्यावरून उडालेलें असतें. पोटनिवडणुका हातच्या जाऊं लागतात. मागच्या बांकांवर बसणाऱ्या सभासदाला आपल्या मतदारसंघांत गेल्यावर लोकांच्या तोंडावरचे भाव बदललेले दिसतात. मग सभागृहाच्या आवारांत कुजबूज सुरू होते. ‘हे गेले पाहिजेत’ या गोष्टीवर एकमत व्हावयास वेळ लागत नाहीं. घोडें अडतें तें पुढच्या प्रश्नावर : हे गेले तर येणार कोण? नावडता पुढारी कित्येकदां वर्षानुवर्षें टिकतो, तो स्वतःच्या बळावर नव्हे, तर आपल्यामागून कोण येईल याविषयीं त्याच्या सहकाऱ्यांना वाटणाऱ्या परस्परांच्या भयावर.

हा प्रश्न कसा सुटतो हें पाहावयाचें तर इंग्लंडचा इतिहास चाळावा. या राज्यपद्धतीचें माहेर तेंच. शिवाय त्या देशांतील हुजूर पक्षानें आपले पुढारी इतक्या निरनिराळ्या रीतींनीं बदलले आहेत कीं, एकाच पक्षाच्या चरित्रांत सर्व प्रकारचे नमुने सांपडतात. ते ओळीनें पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ‘पुढें कोण?’ या प्रश्नाचें उत्तर उमेदवाराच्या गुणांवर जितकें अवलंबून असतें, त्याहून अधिक तें ‘निवडणार कोण?’ या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतें. निवडणारे हात बदलले कीं निवडलेला माणूसहि बदलतो.

पहिला नमुना १९४० सालचा. नेव्हिल चेंबर्लेन त्या वेळीं मुख्य प्रधान होते. १९३८ सालीं म्यूनिक येथें हिटलरशीं तह करून ते परतले तेव्हां लंडनच्या लोकांनीं त्यांना डोक्यावर घेतलें होतें. दोन वर्षांच्या आंत तें सारें पालटलें. युद्ध सुरू झालें, आणि १९४० च्या वसंतांत नॉर्वेच्या मोहिमेंत इंग्रजांची फजिती झाली. मे महिन्याच्या ७ व ८ तारखांना कॉमन्स सभेंत तिच्यावर चर्चा झाली. आरमाराचे वृद्ध सेनानी सर रॉजर कीज आपला लष्करी गणवेश चढवून सभागृहांत आले आणि सरकारवर तुटून पडले. चेंबर्लेन यांच्याच पक्षाचे लिओ अ‍ॅमेरी यांनीं, क्रॉमवेलनें १६५३ सालीं पार्लमेंटला हांकलतांना काढलेले उद्गार मुख्य प्रधानांच्या तोंडावर फेकले आणि त्यांना चालते व्हावयास सांगितलें. हे अ‍ॅमेरी जन्मानें गोरखपूरचे. आणि याच उलथापालथीनंतर ते भारतमंत्री झाले, म्हणून आपल्याकडे त्यांचें नांव विशेष परिचयाचें.

मतदान झालें तेव्हां सरकारच्या बाजूनें २८१ व विरुद्ध २०० मतें पडलीं. हिशेबाप्रमाणें पाहिलें तर हा सरकारचा विजयच होता. परंतु ज्या सरकारचें मताधिक्य एरवीं दोनशेंच्या वर असावयाचें, तें ८१ वर उतरलें होतें. स्वपक्षाच्या कित्येक सभासदांनीं विरुद्ध मत दिलें होतें, आणि त्याहूनहि अधिक जण मतदानाला उभेच राहिले नव्हते. त्यांतले कांहीं तरुण सभासद सैन्यांतले असून गणवेशांतच मत द्यावयास आले होते. आंकड्यांनीं जिंकलेले चेंबर्लेन नीतीनें हरले होते.

आतां पुढें कोण? दुसऱ्या दिवशीं, ९ मे रोजीं, चेंबर्लेन यांनीं दोघांना बोलावून घेतलें : परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स आणि आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल. पक्षाचे मुख्य प्रतोद मार्जेसन हेहि तेथें होते. लॉर्ड हॅलिफॅक्स म्हणजेच पूर्वींचे लॉर्ड आयर्विन, १९२६ ते १९३१ पर्यंतचे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय, ज्यांनीं १९३१ सालीं महात्मा गांधींशीं करार केला तेच. आणि ज्यांनीं त्या करारावर आग पाखडली तेच हे चर्चिल. पक्षांतील बहुसंख्यांना हॅलिफॅक्स हवे होते. राजे सहावे जॉर्ज यांचा कलहि त्यांच्याकडेच होता. चर्चिल यांनीं दोन वेळां पक्ष बदललेला. त्यांच्या लहरीपणाची पुष्कळांना धास्ती. शिवाय ज्या नॉर्वेच्या मोहिमेमुळें चेंबर्लेन पडले, तिची मोठी जबाबदारी आरमारमंत्री या नात्यानें चर्चिल यांच्याच शिरावर होती. नुसत्या गुणदोषांचा जमाखर्च मांडला असता तर त्या दिवशीं चर्चिल यांचें नांव पुढें येतेंना.

परंतु निवड एकट्या हुजूर पक्षाच्या हातीं राहिलेली नव्हती. युद्ध चालवावयाचें तर सर्व पक्षांचें संयुक्त सरकार हवें, आणि मजूर पक्षाच्या होकारावांचून तें होणें नव्हे. मजूर पक्षाचें अधिवेशन त्या वेळीं बोर्नमथ येथें भरलें होतें. तेथून १० मे रोजीं निरोप आला : संयुक्त सरकारांत आम्ही येऊं, परंतु चेंबर्लेन यांच्या हाताखालीं नव्हे. इकडे हॅलिफॅक्स यांनीं आदल्याच दिवशीं अंग काढून घेतलें होतें. आपण उमराव, कॉमन्स सभेंत बसण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. युद्धाच्या काळांत सभागृहाबाहेर राहून मुख्य प्रधानकी करणें म्हणजे नांवापुरतें धनीपण, असें त्यांचें म्हणणें पडलें. त्या बैठकींत, एरवीं ज्यांच्या जिभेला विसांवा नसे ते चर्चिल गप्प बसून राहिले होते. १० मे च्या पहाटे हिटलरचीं सैन्यें हॉलंड आणि बेल्जम या देशांत घुसलीं. अशा वेळीं आपणच राहावें असा विचार चेंबर्लेन यांच्या मनांत क्षणभर आला. परंतु सहकाऱ्यांनीं तो मानला नाहीं. त्याच दिवशीं सायंकाळीं चर्चिल मुख्य प्रधान झाले. १३ मे रोजीं ते नव्या पदावरून सभागृहांत आले, तेव्हां हुजूर पक्षाच्या बांकांवरून अधिक मोठा जयघोष झाला तो चेंबर्लेन यांच्या नांवाचा. पक्षाचें मन जुन्या धन्यापाशीं होतें. प्रसंगानें मात्र नवा धनी नेमला होता.

दुसरा नमुना १९६३ सालचा. त्या वेळीं हॅरल्ड मॅकमिलन मुख्य प्रधान होते. १९५९ ची निवडणूक त्यांनीं मोठ्या मताधिक्यानें जिंकली होती. पण पुढें पोटनिवडणुका हातच्या जाऊं लागल्या. १९६२ च्या जुलैंत त्यांनीं एका झटक्यांत मंत्रिमंडळांतले सात जण काढून टाकले. त्यानें भीति दिसली, बळ दिसलें नाहीं. १९६३ सालीं युद्धमंत्री प्रोफ्यूमो यांचें लाजिरवाणें प्रकरण उघडकीस आलें. ऑक्टोबरांत पक्षाचें अधिवेशन ब्लॅकपूल येथें भरत असतांनाच मॅकमिलन आजारी पडले, आणि त्यांच्या राजीनाम्याचें पत्र अधिवेशनांत वाचून दाखविण्यांत आलें. मग काय विचारतां? अधिवेशनाचा बाजार झाला. लॉर्ड हेलशॅम यांनीं तेथल्या तेथें उमरावकी सोडण्याची घोषणा केली. अर्थमंत्री मॉडलिंग यांचेंहि नांव घेतलें जात होतें. परंतु वयानें, अनुभवानें व योग्यतेनें सर्वांत पुढें होते ते बटलर. हे बटलर आजच्या पाकिस्तानांतील अटक येथें १९०२ सालीं जन्मले. १९३५ चा हिंदुस्थान सरकारचा कायदा पार्लमेंटांतून पार पाडण्यांत त्यांचा वांटा मोठा होता.

त्या काळीं हुजूर पक्षांत मतदानाची चालच नव्हती. जुन्याजाणत्या मंडळींनीं प्रत्येकाच्या कानाशीं लागून कल काढावा, आणि त्या कानगोष्टींतून नांव ‘निघावें’, अशी रूढि. मॅकमिलन यांनीं रुग्णालयांत पडल्या पडल्या ही चाचपणी करविली. मंत्र्यांचें मत एकानें घेतलें, सभासदांचें दुसऱ्यानें, उमरावांचें तिसऱ्यानें. १८ ऑक्टोबर रोजीं राणी एलिझाबेथ स्वतः रुग्णालयांत आल्या, तेव्हां मॅकमिलन यांनीं त्यांना वाचून दाखविलें तें नांव लॉर्ड होम यांचें होतें. पुष्कळांना नकोसा नसलेला माणूस तोच, असा त्या चाचपणीचा निष्कर्ष. इनॉक पॉवेल व इयन मॅक्लिऑड या दोन मंत्र्यांनीं नव्या मंत्रिमंडळांत बसण्याचें नाकारलें. बटलर मात्र निमूटपणें बसले. त्यांनीं नकार दिला असता तर होम यांना मंत्रिमंडळ बनवितां आलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. होम यांनीं उमरावकी सोडली आणि स्कॉटलंडमधून पोटनिवडणूक लढविली. मध्यंतरीं कांहीं दिवस इंग्लंडचा मुख्य प्रधान कॉमन्स सभेचाहि सभासद नव्हता आणि उमरावांच्या सभेचाहि नव्हता! वर्षानें, १९६४ च्या ऑक्टोबरांत, सार्वत्रिक निवडणूक झाली. मजूर पक्षाला ३१७ व हुजूर पक्षाला ३०४ जागा मिळाल्या. पराभव निसटता खरा. परंतु बंद दाराआडच्या निवडीचा डाग पुसला गेला नाहीं. मॅक्लिऑड यांनीं एका साप्ताहिकांत लेख लिहून त्या मूठभर निवडणाऱ्यांना ‘जादूचें वर्तुळ’ असें नांव दिलें, आणि तें चिकटलें तें कायमचें.

त्या लज्जेंतून १९६५ सालीं नियम झाले. यापुढें पुढारी निवडावयाचा तो पक्षाच्या कॉमन्स सभेंतील सभासदांनीं, गुप्त मतदानानें. त्याच वर्षीं पहिली निवडणूक झाली : हीथ यांना १५०, मॉडलिंग यांना १३३, पॉवेल यांना १५ मतें. पुढें दहा वर्षांनीं, १९७५ सालीं, निवडणुका हरलेल्या हीथ यांच्याविरुद्ध उभें राहण्याचें धाडस मार्गारेट थॅचर यांनीं केलें आणि पहिल्याच फेरींत १३० विरुद्ध ११९ मतांनीं त्यांना मागें टाकलें. पक्ष तेव्हां सत्तेबाहेर होता, हें मात्र विसरतां कामा नये.

तिसरा नमुना याच थॅचरबाईंचा, आणि तो सर्वांत बोधप्रद आहे. १९७९, १९८३ व १९८७ अशा तीन सार्वत्रिक निवडणुका त्यांनीं ओळीनें जिंकल्या होत्या. त्यांना खालीं ओढलें तें एका करानें. इंग्लंडांत स्थानिक खर्चासाठीं घरांच्या किंमतीवर पट्टी बसत असे. ती काढून तिच्या जागीं प्रत्येक प्रौढ माणसावर सारखीच रक्कम बसविणारी नवी पट्टी त्यांनीं आणली. सरकारी नांव कांहींहि असलें तरी लोकांनीं तिला डोईपट्टीच म्हटलें. वाड्यांत राहणारा सरदार आणि भाड्याच्या खोलींत राहणारा मजूर यांनीं सारखेंच द्यावें, ही गोष्ट लोकांना अन्यायाची वाटली. १९८९ सालीं ती स्कॉटलंडांत व १९९० सालीं इंग्लंड आणि वेल्स या प्रांतांत लागू झाली. ३१ मार्च १९९० रोजीं लंडनमध्यें तिच्याविरुद्ध मोठी दंगल उसळली. व्याजाचे दर चढलेले, युरोपच्या प्रश्नावर मंत्रिमंडळांत दुफळी, आणि ऑक्टोबरांत ईस्टबोर्नची हक्काची समजली जाणारी जागा पोटनिवडणुकींत गेलेली. १ नोव्हेंबरला उपमुख्य प्रधान सर जेफ्री हाव यांनीं राजीनामा दिला. १३ तारखेला या मृदुभाषी माणसानें सभागृहांत जें भाषण केलें त्यानें बार उडाला. आपण फलंदाज म्हणून मैदानांत उतरावें आणि आपल्या बॅटी आपल्याच कर्णधारानें आधीं मोडून ठेवाव्या, तशी मंत्र्यांची गत झाली आहे, असा त्यांच्या दृष्टांताचा आशय होता.

दुसऱ्याच दिवशीं मायकेल हेसल्टाइन मैदानांत उतरले. १९८६ सालीं मंत्रिमंडळांतून रागारागानें उठून गेलेले हे गृहस्थ पांच वर्षें याच दिवसाची वाट पाहत होते. २० नोव्हेंबरला मतदान झालें. थॅचरबाईंना २०४, हेसल्टाइन यांना १५२ मतें. १६ सभासद तटस्थ. बहुमत बाईंचेंच होतें. परंतु नियम असा कीं, पहिल्या फेरींत जिंकावयाचें तर एकूण मतदारांच्या शेंकडा १५ इतकी आघाडीहि हवी. मतदार ३७२; तेव्हां ५६ मतांची आघाडी हवी होती आणि मिळाली होती ५२. चार मतें कमी पडलीं. बाई त्या वेळीं पॅरिसला राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेंत होत्या. परत आल्यावर त्यांनीं मंत्र्यांना एकेक करून भेटीस बोलाविलें. बहुतेकांनीं एकच सांगितलें : आमचा पाठिंबा आहे, परंतु आपण जिंकणार नाहीं. २२ तारखेच्या सकाळीं त्यांनीं निवडणुकींतून माघार घेतली.

येथें तो जुना प्रश्न पुन्हां उभा राहिला. हेसल्टाइन यांनीं वाट मोकळी केली होती. पण ज्यानें घाव घातला त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यास बाईंचे पाईक तयार नव्हते. परराष्ट्रमंत्री हर्ड हे अनुभवी, पण ईटनच्या सरदारी शाळेचा शिक्का त्यांच्यावर होता. तिसरे अर्थमंत्री जॉन मेजर, वय ४७. सोळाव्या वर्षीं शाळा सोडलेली, बाप एकेकाळचा रंगभूमीवरचा खेळगडी. त्यांचे कट्टर भक्त थोडे, परंतु कट्टर शत्रु जवळ जवळ नाहींत. २७ नोव्हेंबरला मेजर यांना १८५, हेसल्टाइन यांना १३१ व हर्ड यांना ५६ मतें पडलीं. बहुमताला दोनच मतें उणीं होतीं. दुसऱ्या दोघांनीं माघार घेऊन तें उणें भरून काढलें.

मेजर यांनीं पुढें जें केलें तेंच खरें शिकण्यासारखें. त्यांनीं हेसल्टाइन यांनाच मंत्रिमंडळांत घेतलें आणि डोईपट्टी मोडून काढण्याचें काम त्यांच्यावर सोंपविलें. १९९१ च्या मार्चांत ती रद्द करण्याचें जाहीर झालें, आणि १९९३ पासून घराच्या किंमतीशीं निगडित अशी नवी पट्टी आली. माणूस गेला आणि माणसाला घेऊन बुडालेलें धोरणहि गेलें. त्याचें फळ ९ एप्रिल १९९२ च्या निवडणुकींत दिसलें. पुष्कळांनीं मजूर पक्षाचा विजय गृहीत धरला असतांना हुजूर पक्षाला ३३६ जागा मिळाल्या. हा टेंका कायमचा नव्हता. त्याच सप्टेंबरांत पौंडाची पत कोसळली आणि १९९७ सालीं पक्ष १६५ जागांवर आला. तरीपण पुढारी बदलून बुडतें घर एका निवडणुकीपुरतें कसें सावरतां येतें, याचा याहून चांगला दाखला मिळावयाचा नाहीं.

चौथा नमुना २०२२ सालचा. मध्यंतरीं, १९९८ सालीं, नियम पुन्हां बदलले होते. पार्लमेंटांतील सभासदांनीं गाळतां गाळतां दोन नांवें ठेवावीं, आणि त्या दोहोंतून एक निवडावें तें देशभर पसरलेल्या वर्गणीदार पक्षसभासदांनीं, अशी नवी रीत झाली. लोकशाहीचा विस्तार म्हणून सर्वांनीं तिचें स्वागत केलें. २०१९ सालीं ३६५ जागा जिंकून देणारे बोरिस जॉन्सन, साथीच्या निर्बंधांच्या काळांत सरकारी निवासांत झालेल्या मेजवान्यांच्या प्रकरणानें लोकांच्या मनांतून उतरले. ६ जून २०२२ रोजीं पक्षांतर्गत विश्वासमताच्या वेळीं २११ जण त्यांच्या बाजूनें व १४८ विरुद्ध गेले. महिन्याभरानें अर्थमंत्री ऋषि सुनक व आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनीं राजीनामे दिले. त्यांच्यामागून राजीनाम्यांची रांगच लागली, आणि ७ जुलैला जॉन्सन यांनीं पुढारीपण सोडलें.

सभासदांच्या अखेरच्या फेरींत सुनक यांना १३७, लिझ ट्रस यांना ११३ व पेनी मॉरडंट यांना १०५ मतें मिळालीं. म्हणजे ज्यांच्या बळावर राज्य चालवावयाचें, त्या सभासदांपैकीं दोनतृतीयांशांची पहिली पसंती ट्रस यांना नव्हती. परंतु अंतिम निवड पक्षसभासदांची. सुनक यांनीं जॉन्सन यांच्यावर घाव घातला हा राग अनेकांच्या मनांत होता. शिवाय ट्रस यांनीं करकपातीचें गोड आश्वासन दिलें होतें. ५ सप्टेंबरला ट्रस यांना ८१,३२६ व सुनक यांना ६०,३९९ मतें पडलीं. २३ सप्टेंबरला नव्या सरकारनें, पैसा कोठून आणणार याचा हिशेब न देतां, मोठी करकपात जाहीर केली. पौंड डॉलरच्या तुलनेंत पूर्वीं कधीं नव्हता इतका घसरला. सरकारी कर्जरोख्यांचा बाजार सांवरण्यासाठीं बँक ऑफ इंग्लंडला मध्यें पडावें लागलें. २० ऑक्टोबरला ट्रस यांनीं राजीनामा जाहीर केला. त्यांची कारकीर्द पन्नास दिवसांचीहि धड झाली नाहीं. या वेळीं मात्र पक्षानें शहाणपणा केला. उमेदवाराला निदान शंभर सभासदांचा पाठिंबा हवा, अशी अट घातली. ती पुरी करून मैदानांत उरले ते एकटे सुनक. २५ ऑक्टोबरला ते मुख्य प्रधान झाले. भारतीय वंशाचा पहिलाच माणूस त्या पदावर बसला. पण वेळ निघून गेली होती. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकींत हुजूर पक्षाला अवघ्या १२१ जागा मिळाल्या.

आतां हे चारहि नमुने शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. १९४० सालीं विरोधी पक्षाचा होकार हवा होता, म्हणून स्वपक्षाला नकोसा असलेला माणूस आला. १९६३ सालीं मूठभर जाणत्यांनीं निवडलें, म्हणून त्यांच्यांतलाच माणूस आला. १९९० सालीं स्वतःच्या जागेची धास्ती घेतलेल्या सभासदांनीं निवडलें, म्हणून निवडणूक जिंकूं शकेल असा मधला माणूस आला. २०२२ सालीं वर्गणीदारांनीं निवडलें, म्हणून त्यांच्या कानाला गोड लागेल तें बोलणारा माणूस आला. प्रत्येक वेळीं निवडणाऱ्यांनीं आरशांत पाहावें तसें स्वतःलाच निवडलें आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, घाव घालणाऱ्याच्या हातीं सत्ता सहसा येत नाहीं. हेसल्टाइन यांनीं वाट केली, चालले मेजर. सुनक यांनीं पहिला धक्का दिला आणि पहिली संधि गमावली. १९७५ सालीं थॅचरबाईंना यश आलें तें पक्ष सत्तेबाहेर असल्यामुळें. सत्तेंत असलेल्या पक्षांत, पडलेल्या पुढाऱ्याचे अनुयायी पुढल्या मतदानांतहि मतदार असतात, आणि ते विसरत नाहींत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढारी नावडता होतो तो केवळ त्याच्या चेहऱ्यामुळें नव्हे. कांहीं तरी कृत्य, कांहीं तरी धोरण लोकांना सलत असतें. तें सल ज्यानें काढलें तो उत्तराधिकारी तगला. ज्यानें नुसती पाटी बदलली, त्याला जुन्याचें कर्ज व्याजासह फेडावें लागलें. रोग्याचें अंथरूण बदलल्यानें ताप उतरत नाहीं.

या सर्वाचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या राज्यघटनेनें हीच पद्धत घेतलेली आहे. ७५ व्या कलमाप्रमाणें राष्ट्रपति प्रधानमंत्र्यांची नेमणूक करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार असतें. पक्षानें आपला पुढारी कसा निवडावा याविषयीं मात्र घटना मौन धरते. लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर १९६६ च्या जानेवारींत काँग्रेसच्या संसदीय पक्षानें मतदान केलें. इंदिरा गांधींना ३५५ व मोरारजी देसाई यांना १६९ मतें पडलीं. मतपेटीनें वाद मिटविण्याचा तो एक स्वच्छ प्रसंग होता. एक भेद मात्र ध्यानांत ठेवावयास हवा. १९४० सालीं इंग्लंडच्या सभासदांनीं आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलें तरी त्यांची जागा गेली नाहीं. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्याप्रमाणें, पक्षाचा आदेश मोडून मत देणारा सभासद अपात्र ठरूं शकतो. फुटीरपणाला आळा घालण्यासाठीं तो कायदा आला. परंतु त्यामुळें अ‍ॅमेरी यांच्यासारखा सभासद उघड सभागृहांत उठण्यापूर्वीं दहा वेळां विचार करील. तेव्हां नावडत्या पुढाऱ्याचा प्रश्न आपल्याकडे सभागृहांत सुटण्यापेक्षां पक्षाच्या अंतर्गृहांतच सुटण्याचा संभव अधिक. आणि अंतर्गृहाचीं दारें कितपत उघडीं आहेत, हें पाहण्याचें काम नागरिकांचें.

म्हणून राज्यकर्त्या पक्षांत पुढाऱ्याविरुद्ध कुजबूज सुरू झाली कीं, वर्तमानपत्रांत उमेदवारांच्या तसबिरी छापून येतात, त्यांच्यावर पैजा लागतात. सुज्ञ वाचकानें त्या तसबिरींकडे शेवटीं पाहावें. आधीं दोन गोष्टी विचाराव्या : निवड कोणाच्या हातीं आहे, आणि येणारा माणूस जाणाऱ्याचें कोणतें ओझें खालीं ठेवणार आहे? या दोहोंचीं उत्तरें मिळालीं म्हणजे गादीवर कोण येणार याचा अदमास करतां येतो; आणि तो टिकेल कीं नाहीं, हेंहि बरेंचसें कळून येतें.